इम गोगलगायीचं वाढीव पान

सान कम्फेंग, १९ फेब्रुवारी

रेवदी,

पत्र माझं आहे म्हणून न वाचता टाकू नकोस. परत ये असं म्हणणार नाही, आईच्या नावाने रडणारही नाही. एक चित्र हवंय, तेवढंच काम आहे. फोनवर विचारलं असतं, पण तुझ्या फोनवर माझा नंबर चालत नाही हे मला केव्हाच कळलंय. कांतांगचा पत्ता शेजारच्या लुंग इन्तांच्या भाचीकडून मिळाला. तिच्या नवऱ्याची बदली तिकडे झाली आहे. तुम्ही दोघं धक्क्यावर माकूळ वाळवता, म्हणाली. प्रामोतला माझा नमस्कार सांग.

आई बरी आहे. म्हणजे आहे तशी आहे. डावं अंग गेलं ते गेलंच. जीभ मात्र दोन्ही अंगांचं काम एकटी करते. जंगलं-शेतं जाळल्याचा धूर यंदा लवकर आला. समोरचा डोंगर कितीतरी दिवसांत दिसला नाही. आईच्या खोलीत हवा गाळायचं यंत्र लावलंय आणि खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या मारल्यात. "बरणीतली लोणच्याची फोड केलीस माझी," असं ती रोज म्हणते.

धुराच्या दिवसांत आपल्या पुस्तकाला मागणी वाढते, ते तुझ्या वेळीही होतंच. पोरांना अंगणात सोडता येत नाही. बंद वर्गात ती एकमेकांच्या उरावर बसतात, मग बाई इमचं पुस्तक काढतात. 'आत घे, फुलाचा वास. बाहेर सोड, दिव्याची ज्योत हलली.' आता जवळजवळ प्रत्येक बालवाडीत एक शांत कोपरा असतो. तिथे चटई, उशी आणि आपलं पुस्तक. विहारातले भिक्खू मोठ्यांना आनापान, श्वासाचं ध्यान शिकवतात, लहानांसाठी आपली गोगलगाय. मला याचा अभिमान होता. होता म्हणते, कारण परवा जे झालं ते तुला सांगायलाच हवं. पुस्तकावर तुझंही नाव आहे.

दुपारी दारात एक बाई आली. सुनी तिचं नाव. बाजारात भाजलेलं डुकराचं मांस आणि चिकटभात विकते. मास्क न काढताच उभी राहिली. हातात आपलं पुस्तक बघून मला वाटलं, सही हवी असेल. पेन आणायला वळले, तर म्हणाली,

"सही नको, ख्रू बाई. पुस्तक परत द्यायला आले. आमच्या घरात नको ते."

"का? काय झालं?"

"माझी पोर जाता जाता राहिली. तुमच्या या गोगलगायीपायी."

तिच्या पोरीचं नाव खाओफांग. पाच वर्षांची, आणि तिला दमा आहे. बालवाडीत जेवणानंतर तिचा श्वास कोंडायला लागला. पंप दप्तरात होता, दप्तर खुंटीला. पोरीने कुणाला काही सांगितलं नाही. गुपचूप शांत कोपऱ्यात जाऊन बसली, पोटावर हात ठेवले आणि डोळे मिटले. तिच्या बाईंनी बघितलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "बघा, खाओफांग कशी छान बसलीय. इमसारखी." सगळी पोरं कौतुकाने बघत राहिली. शेवटी त्यांच्यातल्याच एकीने विचारलं, "बाई, हिचे ओठ जांभळे का झाले?"

वाचली ती. आता घरी आहे. पण दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस गं कुणाला? तर म्हणाली, "इम सांगत नाही. इम बसते."

सुनी हे सांगत होती तेव्हा मी चौकटीला धरून उभी होते. ती पुढे म्हणाली, "आमची पोर भोकाड पसरणारी होती, ख्रू. आजूबाजूचे गाळेवाले कावायचे. गप्प बसावी म्हणून मीच हे पुस्तक आणलं. बसली गप्प."

पुस्तक तिने पायरीवर ठेवलं, माझ्या हातातही दिलं नाही. मी तिला थांबवलं नाही, माफी मागितली नाही. फक्त श्वास आत घेतला आणि बाहेर सोडला. सवय.

मग ते पान काढून बघितलं. वादळ येतं, थुई रेडा चिखल उडवतो, कोंबडी इमच्या शंखावर चोच मारते, आणि 'काहीही झालं तरी इम आपल्या शंखात बसते. श्वासाकडे बघत राहते. आणि सगळं निघून जातं.' शब्द माझे आहेत. एवढी वर्षं शेकडो पोरांना वाचून दाखवले, पण काहीही म्हणजे काय काय, हे कधी मनात आलं नाही.

त्या पानानंतर एक पान वाढवायचंय. इमला श्वास येत नाही आणि ती मोठ्याने ओरडते. शब्द मी लिहीन, चित्र तू काढ. कागद तुझ्या आवडीचाच घेतलाय, या पत्राबरोबर गुंडाळी करून पाठवते.

बुसाबा


सान कम्फेंग, ८ मार्च

रेवदी,

तुझं उत्तर नाही. गुंडाळी पोचली असं टपालवाला सांगतो, म्हणजे कागद तरी तुझ्याकडे आहे.

प्रकाशकांकडच्या थानितशी फोनवर बोलले. सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्याने आणि मग म्हणाला, "वाईट वाटलं, ख्रू. पण एक सांगू? लोक हे पुस्तक पोरं गप्प बसावीत म्हणून घेतात."

"तेच तर म्हणतेय मी."

"मग त्यात किंचाळणारी गोगलगाय घातली तर घेणार कोण? त्यापेक्षा मागच्या पानावर पालकांसाठी सूचना छापू. बारीक अक्षरात. मुलाला दमा असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, वगैरे."

"पाच वर्षांची पोर बारीक अक्षर वाचते का, थानित?"

तो हसला. माणूस वाईट नाही. म्हणाला, "बरं, एप्रिलअखेर नवी छपाई आहे. चित्र आमच्याकडचा माणूस संगणकावर काढून देईल. अगदी रेवदीबाईंच्या हातचं वाटेल."

दुसऱ्या दिवशी ते चित्र आलं. इमचा शंख तुझा, रंग तुझे, केळीचं पान तुझंच. तोंड मात्र एवढं मोठं की आत दात दिसत होते. दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर शोभली असती. आईला दाखवलं तर ती हसून हसून ठसकली आणि मला धावत पाणी आणावं लागलं. मी थानितला नको म्हणून कळवलं. रेवदी काढेल, असंही कळवून टाकलं. तुला न विचारता.

मंगळवारी खाओफांगला बघायला गेले. आईजवळ लुंग इन्तांना बसवलं होतं. बाजारात सुनीच्या गाळ्यामागे एक खोली आहे, पोर तिथे खाटेवर बसून शेंगा सोलत होती. सुनीने मला बघितलं आणि परत निखारे वारायला लागली. पोरीनेच विचारलं,

"तू इमची आई आहेस?"

"हो. तिला दोन आया आहेत. दुसरी समुद्राजवळ राहते."

"इम माझ्यावर रागावली का?"

"नाही गं. ती कशाला रागावेल?"

"मला जमलं नाही म्हणून. मी पोटावर हात ठेवला होता. डोळे पण मिटले होते. फुलाचा वास घेत होते, पण फूल आत येईचना."

सगळी हयात पोरांशी बोलण्यात गेली, आणि तिच्यापुढे शेंगांच्या टरफलांकडे बघत बसले. बाहेरून सुनीचा आवाज आला, "सांगा की काहीतरी. पुस्तकात तर भरपूर बोलता."

"चूक इमची होती," एवढंच म्हटलं मी. "इमला ठाऊक नव्हतं."

पोरीने विचार केला. "मग तिला सांग ना."

निघताना सुनीने चिकटभाताची पुडी हातात कोंबली. रागातच, पण दिली.

घरी आले तर आईचं अंथरूण ओलं आणि लुंग इन्ता ओशाळून खिडकीबाहेर बघतायत. आईला उचलून कुशीवर करायचं, चादर ओढायची, परत उचलायचं. माझी पाठ ठीक आहे. तू म्हणशील मी विचारलंच कुठे. बरोबर आहे, नाहीच विचारलंस.

चित्राचं तेवढं बघ.

बुसाबा


सान कम्फेंग, २७ मार्च

रेवदी,

मिळालं तुझं पत्र. चार ओळी का होईना, आल्या. आईला वाचून दाखवू शकले नाही, म्हणून तिला सांगितलं की वीजबिलाबद्दल काहीतरी आहे.

तू लिहितेस, 'गोगलगायीला आवाज नसतो. ओरडणारी काढली तर खोटी दिसेल, आणि पोरांना खोटं लगेच कळतं. शिवाय मी आता काढत नाही, हाताला माकळाचा वास येतो.' पहिलं खरं आहे, ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं. दुसऱ्याबद्दल मी काय बोलणार?

पण शेवटची ओळ कशाला लिहिलीस? 'तू तेव्हाही रागावली नाहीस. त्या दिवशी एकदा ओरडली असतीस तर मी कदाचित थांबले असते.'

त्या दिवशी आईला दवाखान्यातून घरी आणून आठवडाही झाला नव्हता. मी तिला पेज भरवत होते. अर्धी पेज आत जायची, अर्धी हनुवटीवरून खाली यायची. तू पिशवी खांद्याला लावून दारात आलीस आणि म्हणालीस, "मला हे जमणार नाही, पी ताई. मी प्रामोतबरोबर जाते." माझ्या एका हातात चमचा, दुसऱ्यात फडकं. मी म्हणाले, "जपून जा." आणखी काय करायला हवं होतं मी? वाटी फेकायला हवी होती?

मी तेव्हा रागावले नव्हते, आजही रागावलेली नाही. तुझं आयुष्य तुझं आहे. माणसाला जे झेपत नाही ते झेपत नाही. एवढं समजण्याइतकी मी मोठी आहे.

चित्र नसेल काढायचं तर नको काढूस. थानितला सांगेन, सूचना छाप म्हणून. बारीक अक्षरात.

धुराने इथे विमानंसुद्धा उतरेनाशी झालीत. बाकी ठीक.

बुसाबा


सान कम्फेंग, ११ एप्रिल

रेवदी,

अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताने लिहितेय. उजवा मनगटापासून प्लास्टरमध्ये आहे.

आईला न्हाणीघरात नेत होते. एका हाताने तिला कमरेशी धरलं होतं, दुसऱ्याने दार ढकलत होते. पाय घसरला. ती माझ्या अंगावर पडली म्हणून तिला काही लागलं नाही. माझ्या मनगटातून कट्‌ असा आवाज आला. दोघी ओल्या फरशीवर पडलो, मी खाली, ती वर. तिला हलता येईना आणि तिच्या ओझ्याखाली मला.

आणि मी काय केलं ठाऊक आहे? डोळे मिटले. आत घे, फुलाचा वास. बाहेर सोड. वाटलं, कळ ओसरेल, मग उठू. लुंग इन्ता भिंतीपलीकडे रेडिओ ऐकत होते. तो रेडिओ मला ऐकू येत होता, रेवदी. एक हाक मारायची होती फक्त.

आई म्हणाली, "अगं, हाक मार."

मी म्हणाले, "होईल बरं. जरा थांब."

"काय होईल बरं? मढं?" आणि तिने तोंड उघडलं. अर्धं तोंड वाकडं, पण आवाज असा काढला की मेलेला माणूसही उठून बसला असता. "अरे ए इन्ता! मेलास का रेडिओत घुसून? माझी पोर मरतेय इथे!"

लुंग इन्ता लुंगी सावरत, कुंपण ओलांडून आले. मागून त्यांची सून आली, तिच्यामागून दोन कुत्री. दवाखान्याची गाडी येईपर्यंत आई सगळ्यांना झापत होती. मी फरशीवर बसले होते आणि मला हुंदका आला. मनगटामुळे नाही. 'माझी पोर' म्हणाली ती म्हणून. आपल्याला वाढवताना एवढं मोकळं ती कधी बोलली होती का?

संध्याकाळी प्लास्टर घालून घरी आले, तर आईने मला खाटेजवळ बोलावलं. मग म्हणाली, "गोगलगाय आणि पोटात पाय. तुला सगळं दुखतं. मला दिसतं. धाकटी गेली तेव्हापासून तू दात आवळून बसलीयस, आणि ते दात मला रोज पेजेत लागतात."

म्हणून आता लिहिते. खोडत नाही.

मी रागावलेय. त्या दिवशीही रागावले होते. तू पायऱ्या उतरत होतीस तेव्हा पेजेची वाटी तुझ्या पाठीत घालावी असं वाटलं होतं. तू समुद्राची हवा खातेस आणि मी इथे धूर खाते. तू माकूळ वाळवतेस, मी चादरी. तुझ्या वाढदिवसाला आई दर वर्षी विचारते, आली का गं तिची चिठ्ठी, आणि मी दर वर्षी सांगते, टपाल उशिरा येतं आजकाल. खोटं बोलून बोलून माझं तोंड दमलंय. मी स्वतः दमलेय. हात मोडला तेव्हा पहिल्यांदा काय मनात आलं सांगू? बरं झालं, आता काही दिवस कुणीतरी दुसरं उचलेल.

परवा सोंगक्रान, नवं वर्ष. सगळ्यांची पोरं घरी येतील, म्हाताऱ्यांच्या हातांवर पाणी घालतील. आईला लुंग इन्तांची सून पाणी घालणार आहे, कारण माझ्या हाताला प्लास्टर आहे.

चित्र राहू दे. मला चित्र नको. तू ये.

बुसाबा


कांतांग, १६ एप्रिल

पी,

तुझं अक्षर बघून प्रामोतने विचारलं, हे कुठल्या पोराचं पत्र? मी सांगितलं, माझ्या बहिणीचं. मग धक्क्यावरच बसून रडले. बायका विचारायला लागल्या की कोण गेलं. म्हटलं, कुणी गेलं नाही, कुणीतरी पहिल्यांदाच शिव्या दिल्यात.

वाटी घालायला हवी होतीस पाठीत. खरंच. तू 'जपून जा' म्हणालीस तेव्हा मला वाटलं, हिला काहीच फरक पडत नाही. मी असले काय, नसले काय. तुझ्यापुढे नेहमीच असं व्हायचं, भांडण भिंतीशी केल्यासारखं. याने माझं पळून जाणं बरोबर ठरत नाही, ते मला कळतं. आईच्या तोंडावरून ओघळणारी पेज मला बघवेना, एवढंच खरं कारण आहे. बाकी सगळी मागाहून जुळवलेली.

तुझा कागद आला त्याच दिवशी उलगडला होता. त्यावर काही काढलं नाही असं लिहिलं, ते खोटं. बरंच काढलं आणि फाडलं. ओरडणारी गोगलगाय जमेचना. ती चिडलेल्या वाटाण्यासारखी दिसते. मग परवा इथे एक लहान पोर बघितलं. त्याची आई जाळं निवडत होती आणि ते तिला हाका मारत होतं, पण इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू जाईना. तर ते काही न बोलता तिच्या मांडीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून तोंडावर चढलं. नाकच धरलं तिचं.

इम ओरडत नाही, पी. शंखातून पुरी बाहेर येते आणि चालत निघते. केळीच्या पानावरून, चिखलातून, थुईच्या पायावरून, मानेवरून. तिच्यामागे ओल्या रेघेचा माग. आणि थेट थुईच्या नाकावर जाऊन बसते. थुईचे डोळे दोन्ही बाजूंनी आत वळलेत, तिच्याकडे बघायला. एवढंच चित्र. शब्द तू घाल, थोडेच घाल.

टपालात भिजेल म्हणून पाठवत नाही, घेऊन येते. प्रामोत म्हणतो, मासळीचा हंगाम मी बघतो, तू जा. आईला आधी सांगू नकोस. नको, सांगच. तिला एकदम धक्का नको. घर आवरत बसू नकोस, मोडका हात घेऊन.

रेवदी


सान कम्फेंग, २ जुलै

रेवदी,

फोनवर तुझ्याशी नीट बोलताच येत नाही, आई मध्येच तोंड घालते. म्हणून हे पत्र.

पुस्तक छापून आलं. वेगळ्या पाकिटातून दोन प्रती पाठवल्यात, एक आईच्या उशाशी ठेव. थानितने तुझं चित्र बघितलं. मग नाकाला हात लावून म्हणाला, "घालू या." बारीक अक्षरातली सूचनाही घातलीय त्याने. असू दे, मोठ्यांसाठी लागतेच. आधीच्या पानावरचं 'काहीही झालं तरी' मी काढून टाकलं. तुझ्या चित्राखाली लिहिलंय: 'कधी कधी फूल आत येत नाही. मग इम बसत नाही. निघते, आणि कुणाच्या तरी नाकावर चढते.' हे शब्द अर्धे खाओफांगचे आहेत. तिला विचारून घेतले.

तू इथे होतीस त्या दिवसांचं मनात येतं अधूनमधून. पहिले तीन-चार दिवस आपण दोघी किती जपून बोलत होतो, पाहुण्यांसारख्या! आणि मग त्या भातावरून पेटलं. आठवतंय ना, भात करपला आणि तू माझ्यावर ढकललंस, गॅस बंद केला नाही म्हणून? त्यावरून कुठल्या कुठे गेलो. अगदी बाबांच्या सायकलपर्यंत. लुंग इन्ता परत कुंपण ओलांडून धावत आले, कोण पडलं म्हणून, आणि आई आतून ओरडली, "कुणी पडलं नाही, इन्ता! भांडतायत! बस, ऐक!" इतकी खूश मी तिला बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती.

आई तुझ्याबरोबर कांतांगला जायला तयार होईल असं मला वाटलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी मनातून तिच्या नाही म्हणण्याची वाट बघत होते. तिने मात्र विचारलं, "तिकडे खिडकी उघडी ठेवता येते का?" आणि तू हो म्हणालीस. संपलं. वर मला सांगते, "तू जरा झोप काढ. मग बघू." गाडीत तिला बसवताना तिने माझा प्लास्टरचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही, ते तू पुढे बसली होतीस म्हणून तुला दिसलं नाही.

मी झोपले. खोटं नाही सांगत, पहिला आठवडा मी जेवण सोडून फक्त झोपत होते. उठले की आईच्या खोलीत जायचे, रिकामी खाट बघायचे, परत येऊन झोपायचे. अजूनही पेजेला तांदूळ जास्त काढते. आता हवा स्वच्छ आहे, डोंगर दिसतो, फटींच्या चिकटपट्ट्या मी अजून काढलेल्या नाहीत. अंगात बळ नाही, दुसरं काही कारण नाही. दमणं एवढ्या लवकर उतरत नाही म्हणतात.

काल खाओफांगच्या बालवाडीत गेले. तिच्या बाईंनीच बोलावलं होतं. तरुण आहेत. दारातच हात जोडून रडायला लागल्या. मी म्हटलं, तुम्ही वाचलंत ते मीच लिहिलेलं होतं, आता पुसा डोळे. सुनीही आली होती, गाळा बंद ठेवून. मागे दाराशी उभी राहिली, हाताची घडी घालून, माझी परीक्षा घ्यायला आल्यासारखी.

वाचायला लागले. वादळ आलं, चिखल उडाला, कोंबडीने चोच मारली. पोरं नेहमीसारखी शहाण्यासारखी बसली होती, पोटावर हात ठेवून. मग तुझं पान उघडलं. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. मग एका पोराने थुईचे वाकडे डोळे बघितले आणि खिदळला. तिथून जे सुरू झालं ते काही आवरेना. कोण माझ्या मांडीवर, कोण पाठीवर, एक पोरगी खांद्यावर चढून माझं नाक ओढत होती. चष्मा कुठे गेला ठाऊक नाही. बाई ओरडत होत्या, "अरे, ख्रूंचा हात आत्ताच जुळलाय!" दुसऱ्या वर्गातल्या बाई धावत बघायला आल्या. वाचन कसलं, जत्रा झाली.

खाओफांग मात्र जागची हलली नाही. कोपऱ्यातच बसून होती. अंगावरची पोरं सोडवत मी उठायला लागले. सुनीही दारातून एकदम पुढे सरकली. तेवढ्यात पोर उठली, सगळ्यांना बाजूला सारत सरळ माझ्यापर्यंत आली, गुडघ्यावर पाय देऊन वर चढली आणि दोन्ही हातांनी माझं नाक धरलं.

मी तिला जवळ ओढलं. "काय गं? श्वास येत नाही?"

"श्वास येतोय," ती माझ्या कानात म्हणाली. "शू लागलीय."

सुनी हसली. एवढी मोठ्याने हसली की भिंतीला टेकून उभं राहावं लागलं तिला. मग पोरीला कडेवर घेऊन गेली. परत आल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "एक पुस्तक द्या, ख्रू. नवं. गप्प बसवायला नकोय." मी सही करायला पेन शोधायला लागले, तर म्हणाली, "तुमची राहू द्या. चित्रवाल्या बाईंची सही असलेलं पाठवा."

तेव्हा एक प्रत सही करून पाठव. माकळाचा वास आला तरी चालेल, तिचा स्वतःचा गाळा मांसाचाच आहे.

इथे फार शांत झालंय, रेवदी. वाईट वाटतं असं नाही, पण कानांना सवय नाही. दुपारी लुंग इन्तांचा रेडिओ चालू असतो, तेवढाच आवाज. तू लिहितेस, आई तिथे सकाळी खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या होडीवाल्यांना नावं ठेवते आणि तुला लाज वाटते. ठेवू दे. थांबवू नकोस. रविवारी फोन करशील तेव्हा आधी तिच्याकडेच दे, आणि खिडकी उघडी ठेव. तिचं आणि समुद्राचं दोन्ही ऐकू येऊ दे मला.

बुसाबा